लाल ठिपका वर

पाचपुत्यांनी खिशातून टेस्टर काढला, समईच्या पोटाला टेकवला, आणि टेस्टरच्या मुठीतला बारका तांबडा दिवा लागला.

"सर," ते म्हणाले, "बॉडीला करंट हाय."

मी हसलो. अज्ञानाकडे बघून सुशिक्षित माणूस हसतो तसा, म्हणजे बराचसा मायेने. पाचपुते आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते, शिक्षण नववी. मी एम.एस्सी., विद्यापीठात तिसरा. विट्यासारख्या गावात विद्यापीठात तिसरा आलेला माणूस तेव्हा मी एकटाच होतो आणि ही गोष्ट गावाला माहीत नसेल तर मी सांगत असे.

"त्याला इंड्यूस्ड व्होल्टेज म्हणतात," मी म्हणालो. "वायरीतून करंट वाहत असला की शेजारच्या धातूत थोडंफार व्होल्टेज तयार होतं. टेस्टरला तेवढं पुरतं. त्यात जीव नसतो."

"असंल," पाचपुते म्हणाले. "मग लावा की हात."

मी वेताच्या खुर्चीत मांडी घालून बसलो होतो. तिथूनच वाकून समईला बोट लावलं. काही झालं नाही. मी पाचपुत्यांकडे पाहिलं.

"आता पाय फरशीवर सोडा आणि लावा."

पाय फरशीवर सोडायला मला त्या वेळी सवड नव्हती. चहा आला होता.

समई माझ्या सासऱ्यांनी दिलेली होती. त्या वर्षी अधिक महिना आषाढातच आला होता. अधिकात जावयाला अनारसे आणि दिवा द्यायची रीत. सासऱ्यांचं तासगावला तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे दिव्याच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. माझ्या कमरेएवढी समई एस.टी.च्या टपावर बांधून आली. अनारसे चार दिवसांत संपले. समई मात्र बैठकीच्या खोलीत उभी राहिली. माझी बायको सुनीती म्हणाली, सणावाराला लावू. मी म्हणालो, आपण विसाव्या शतकाच्या शेवटाला आलो आहोत, हिचा टेबललँप करू. सुनीती म्हणाली की कमरेएवढी वस्तू टेबलावर ठेवली तर बल्ब पंख्याला लागेल. ती कॉमर्सची. मी तिला स्टँडिंग लँप ही संकल्पना समजावून सांगितली.

लेथवाल्याकडून समईच्या दांड्याला आरपार भोक पाडून आणलं. त्या भोकाची कड पात्यासारखी धारदार होती. ती कानशीने घासून तिथे रबराचं बूच बसवायला हवं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि करणं यांत जो फरक असतो, त्यावर माझा पगार चालू होता. दोन तारांची वायर मी खालून घुसवली, वर ओढून घेतली. मध्येच अडकली तेव्हा जोर लावला. वरच्या पणतीच्या जागी होल्डर बसवला, चाळीसचा दुधी बल्ब लावला, खाली दोन पिनांचा प्लग. आमच्या घराण्यात प्लग वापरणारा मी पहिला. माझे वडील हयातभर दोन उघड्या तारा भोकांत घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकत आले आणि रेडिओवर बातम्या ऐकत आले.

दिवा लागला. फारच सुंदर दिसला. त्याच आठवड्यात मी कॉलनीतल्या सगळ्यांना तो बघायला बोलावलं. उपप्राचार्यांच्या पत्नी, निगुडकर वहिनी, समईभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "हात लावला तर शॉक नाही ना बसत?"

"वहिनी," मी म्हणालो, "फिजिक्सच्या माणसानं बनवलेला दिवा आहे."

हे उत्तर नव्हतं, पण त्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं आणि तसल्याच तीन समया मला करायला सांगितल्या. एक त्यांच्यासाठी, दोन त्यांच्या बहिणींसाठी. पाचपुते त्यानंतर चार दिवसांनी आले, लॅबच्या किल्ल्या द्यायला, आणि त्यांनी खिशातून टेस्टर काढला.

चहा पिऊन झाल्यावर पाचपुत्यांनी न विचारता भिंतीवरचा बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोकं होती. वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर असायला हवी होती, जमिनीत गेलेली. माझ्या सॉकेटात तिथे कोळ्याचं जाळं होतं. घरमालकाने तिसरं भोक शोभेसाठी ठेवलेलं होतं.

"ह्येला अर्थिंगच न्हाई," पाचपुते म्हणाले. "समई खोला सर. आत वायर सोललीय बघा कुठंतरी. तीन तारांची वायर घालू, भोकाला बूच लावू. मागं परसात खड्डा मारून मीठ-कोळसा घालून अर्थिंग काढू. एका रविवारचं काम हाय."

अर्थिंग म्हणजे काय हे मी दर वर्षी जुलैत अकरावीला शिकवायचो. फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी आकृती काढायचो. हिरव्या खडूने जमिनीत जाणारी तार काढली की मागे वळून म्हणायचो, "ही तार तुमचा प्राण वाचवते." मुलं लिहून घ्यायची. त्या हिरव्या खडूचे डाग घेऊन मी ज्या घरात राहायला येत होतो, तिथे त्या तारेच्या जागी कोळी राहत होता.

पण पाचपुत्यांनी समई खोलली असती तर ती पाचपुत्यांची समई झाली असती. निगुडकर वहिनींना मी काय सांगणार होतो? मी पाचपुत्यांना म्हणालो, बघू, परीक्षा होऊ देत. तेव्हा परीक्षा चार महिने लांब होती.

ते गेल्यावर मी दार लावलं, पाय फरशीवर सोडले आणि समईला बोट लावलं.

इंड्यूस्ड व्होल्टेज कोपरापर्यंत आलं.

थोडा वेळ मी दुसऱ्या हाताने हात धरून बसलो. मग विचार केला, आणि इथे माझं शिक्षण कामी आलं. सॉकेटच्या दोन भोकांपैकी एकातून करंट येतो, दुसऱ्यातून परत जातो. माझ्या दोन तारांपैकी एक आत कुठेतरी सोलून पितळेला टेकली होती. ती तार करंटच्या भोकात गेली की समई वाघीण. प्लग उलटा करून ती परतीच्या भोकात घातली की समई गरीब गाय. मी प्लग काढला, उलटा करून घातला, बोट लावलं. काही नाही. पाय खाली, दुसरा पायही खाली. काही नाही. समई न खोलता, पाचपुत्यांना न बोलावता, एका पैशाचं सामान न आणता प्रश्न सुटला होता.

सुनीतीच्या नेलपॉलिशची बाटली घेतली आणि प्लगच्या वरच्या बाजूला लाल ठिपका दिला.

"हे बघ," मी तिला सांगितलं, "प्लग घालताना लाल ठिपका वर. एवढं लक्षात ठेवायचं."

"आणि खाली झाला तर?"

"खाली करायचाच नाही."

"म्हणजे सगळा दिवा माझ्या नेलपॉलिशवर उभा आहे," ती म्हणाली.

आईला मी काही सांगितलं नाही. तिला ते समजलं नसतं, असं माझं मत होतं. ती रोज तिन्हीसांजेला दिवा लागला की समईला नमस्कार करायची, फडक्याने पुसायची. बल्बच्या दिव्याला नमस्कार करणं अशास्त्रीय आहे, असं मी एकदोनदा म्हणून पाहिलं. "लागतो ना?" ती म्हणाली. "मग झालं."

आता, त्या सबंध महिन्यात मी एका गोष्टीचा विचार केला नव्हता. निज आषाढ संपत आला होता, आणि आषाढाच्या अमावस्येला आमच्याकडे दिव्यांची अवस असते. घरातले झाडून सगळे दिवे त्या दिवशी काढायचे, चिंच-राखेने घासायचे, धुवायचे, चौरंगावर मांडून त्यांची पूजा करायची. जगातल्या कुठल्याही विद्युत सुरक्षेच्या पुस्तकात या सणाचा उल्लेख नाही. मी सगळी चाळली आहेत, नंतर.

त्या दिवशी मी पाचच्या सुमारास घरी आलो. दाराबाहेर चपलांचे सात-आठ जोड. आत कॉलनीतल्या बायका. चौरंगाभोवती रांगोळी, चौरंगावर निरांजनं, लामणदिवा, कंदील, वडिलांची जुनी बॅटरीसुद्धा, आणि मधोमध माझी समई. चिंचेने घासलेलं पितळ सोन्यासारखं झळकत होतं. बल्ब लागलेला होता. ताटात कणकेचे गोड दिवे होते. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. एकुलता एक लाकडी पाट निगुडकर वहिनींना बसायला दिलेला होता, आणि आई त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती.

मी बोर्डाकडे पाहिलं. प्लग आत होता. लाल ठिपका वर होता. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मला तो ठिपका जरा मोठा वाटला. कडेने पसरलेला.

सुनीती बोर्डाशी उभी होती. मी हळूच विचारलं, प्लग तूच घातलास ना. ती म्हणाली, हो, ठिपका वर बघून. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मग प्लगकडे. आईंनी वायरीसकट सगळी समई मोरीत घासली होती, ती म्हणाली. बल्ब मात्र काढून ठेवला होता.

"आणि नेलपॉलिश?"

"ते असं काय घाण लागलंय म्हणून राखेनं काढलं असेल." तिचा आवाज आणखी खाली गेला. "मग पूजेच्या आधी त्यांनी प्रत्येक दिव्याला कुंकू लावलं. प्लगलाही."

म्हणजे ते कुंकू होतं. प्लगच्या दोन बाजूंपैकी जी वर आली असेल त्या बाजूला लावलेलं. माझी सगळी सुरक्षा व्यवस्था चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीतून गेली होती, आणि तिच्या जागी दुसरी, तितक्याच लाल रंगाची, बसवण्यात आली होती. समई वाघीण असण्याची शक्यता अर्धी होती. हे गणित मी चटकन केलं. गणितात मी चांगला होतो. आत पाणी राहिलं असेल, हे मात्र धरायचं राहिलं.

"आले बघा सर," निगुडकर वहिनी पाटावरून म्हणाल्या. "तुमच्याच दिव्याचं कौतुक चाललंय. मी यांना सांगत होते, बिनधास्त हात लावा, फिजिक्सच्या माणसानं केलाय."

सगळ्या हसल्या. आई हसली. तिने उजव्या हाताचं बोट पंचपात्रातल्या पाण्यात बुडवलं, मग हळदीत.

मला एवढंच म्हणायचं होतं: आई, हात लावू नकोस, करंट आहे. मराठीतलं अगदी साधं वाक्य. आठ बायका बसल्या होत्या. त्यांच्यापैकी तिघींशी मी अर्थिंगवर बोललो होतो. एकीच्या तीन समयांची वायर आतल्या खोलीत कपाटावर पडलेली होती. या सगळ्यांच्या देखत ते वाक्य म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "आई, थांब. फोटो काढतो."

ही कल्पना मला त्या क्षणी फार चतुर वाटली. कॅमेरा आणायला आत जायचं, तेवढ्यात काहीतरी सुचेल. आत गेलो. कपाट उघडलं. काही सुचलं नाही. कॅमेरा सापडला, रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते. बाहेर आलो तर बायकांनी पदर सारखे केले होते, केस मागे घेतले होते, आणि आई तशीच हळदीचं बोट वर धरून उभी होती. आज्ञाधारक.

"नुसतं उभं राहू नका हो," निगुडकर वहिनी तिला म्हणाल्या. "हळद लावताना काढू दे. तसा छान येतो."

आईने मान हलवली आणि हात पुढे केला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. का लावला हे मला विचारू नका, मी स्वतःला पुष्कळदा विचारलेलं आहे. चौकटीत समई होती, आईचा हात होता, हळदीने पिवळं झालेलं ओलं बोट होतं. मी तोंड उघडलं.

"रेडी?" मी म्हणालो.

आणि बटण दाबलं.

दिवा विझला. त्याच क्षणी आईचं बोट समईला टेकलं. तिने हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. ती जिवंत होती. बोर्डाच्या बटणावर सुनीतीचा हात होता.

"लाईट गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

निगुडकर वहिनींनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. बराच वेगाने फिरत होता. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, समईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गेली नाही," सुनीती म्हणाली. "मी बंद केलाय. पूजा करताना दिव्याचं बटण बंद करायचं, असा यांचा नियम आहे. ओल्या हातानं विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणतात."

"बघा," निगुडकर वहिनी बाकीच्यांना म्हणाल्या, "किती बारीक विचार. आमच्याकडे हे कोण सांगणार?"

आणि पुढच्या महिन्यात महिला मंडळात मी घरगुती विद्युत सुरक्षेवर बोलावं, असं तिथल्या तिथे ठरलं. मी नको म्हणालो नाही.

सगळ्या गेल्यावर मी बाजारातून टेस्टर आणला. बटण लावलं, टेस्टर समईला टेकवला. तांबडा दिवा ठसठशीत लागला. माझ्या गणितातला अर्धा भाग कुठला, ते कळलं.

आई दारातून बघत होती. मी बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि आता सांगायलाच हवं म्हणून सुरुवात केली. दोन भोकं असतात, एकातून करंट येतो.

"तुझ्या समईनं मला पहिल्याच आठवड्यात झटका दिला होता," ती म्हणाली. "खांद्यापर्यंत."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"तू सगळ्यांना सांगत होतास ना, हिच्यात काही नाही म्हणून. तू शिकलेला. मला वाटलं, वय झालं की हातात अशा कळा येत असतील." तिने ताटातले कणकेचे दिवे डब्यात भरायला घेतले. "तेव्हापासून मी पाटावर उभी राहून पुसायची. पाटावर नाही येत कळ."

नववीपर्यंत शिकलेल्या पाचपुत्यांना टेस्टर लागला होता. आईला पाट पुरला होता. ती तिसरीपर्यंत शिकलेली.

"आज तर पाट नव्हता," मी म्हणालो. "मग हात का लावत होतीस?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"आज तू समोरच होतास की," ती म्हणाली.

रविवारी पाचपुते आले. त्यांनी समई खोलली. वायर दोन जागी सोललेली होती, आत अजून चिंचेचं पाणी होतं. त्यांनी मला काही सुनावलं नाही. फक्त पहार माझ्या हातात दिली आणि परसातली जागा दाखवली. चार फूट खड्डा मी खणला. हाताला फोड आले. मीठ आणि कोळसा त्यांनी थरांनी भरला, हिरवी वायर आत आणली, आणि कोळी बेघर झाला. निगुडकर वहिनींच्या तीन समया मी केल्या नाहीत. वेळ नाही, असं सांगितलं.

महिला मंडळात व्याख्यान मात्र दिलं. मग रोटरीत, मग शाळांतून. आजवर साठेक झाली असतील. भोकाच्या कडेला बूच, तीन तारांची वायर, ओला हात, अर्थिंग, सगळं सांगतो. मध्ये एक किस्साही सांगतो: माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांनी प्लगला नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. लोक खूप हसतात. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, असं एकदा एका मुलीने विचारलं होतं. मी म्हणालो, ते विद्यापीठात तिसरे आले होते. मग लोक आणखी हसले.

रोल संपायला दिवाळी लागली. फोटो धुऊन आले, तो एक फार छान आला होता. सुनीतीने मोठा करून घेतला आणि फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला. आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली, फोटो तिथेच आहे. येणारा जाणारा त्याच्यापाशी थांबतो. समई पेटलेली आहे, पितळ झळकतं आहे, आठही बायका कौतुकाने तिच्याकडे बघताहेत. कडेला चौकटीत अर्धवट आलेला एक हात आहे, बोर्डाच्या बटणावर ठेवलेला. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आईचं ओलं बोट समईपासून दोन बोटं लांब थांबलेलं आहे. फक्त तीच समईकडे बघत नाहीये. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे, मी काही म्हणतो आहे का, ते.

"किती विश्वासानं बघताहेत हो," परवाच एक पाहुणे म्हणाले. "फोटो कुणी काढला?"

"मीच," मी म्हणालो.